चंद्रपूर–गडचिरोली वनप्रदेशातील दवाखाना व रुग्ण

महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या वनप्रदेशात आधुनिक वैद्यकाचा दवाखाना आल्यापासून तेथील लोकांनी त्याचा उपयोग कसा केला, कोणत्या प्रसंगी तो टाळला आणि त्यामुळे दवाखान्याच्याच स्वरूपात कोणते बदल घडून आले, याचा परामर्श येथे घेतला आहे. आरोग्यसेवेचा इतिहास बहुधा इमारती, खाटा व नेमणुका यांच्या आकड्यांवरून लिहिला जातो. त्यात रुग्णाची बाजू क्वचितच येते. या प्रदेशात मात्र दवाखाना असूनही रुग्ण नाही आणि रुग्ण असूनही दवाखाना नाही, या दोन्ही अवस्था दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदल्या. रुग्ण येत नाही याचे कारण त्याचे अज्ञान व अंधश्रद्धा होय, ही समजूत अधिकारीवर्गात वर्षानुवर्षे टिकून होती. ती किती अपुरी होती, हे १९७३ नंतर या भागात काम करू लागलेल्या काही डॉक्टरांच्या अनुभवावरून व संशोधनावरून स्पष्ट झाले.

नागपूरचे राज्य खालसा झाल्यानंतर १८५४ मध्ये चांदा हा स्वतंत्र जिल्हा इंग्रजी अंमलाखाली आला. १८७४ मध्ये सिरोंचा तालुका त्यास जोडण्यात आला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन पूर्वेकडील वनव्याप्त भागाचा गडचिरोली जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीचे क्षेत्रफळ १४,४१२ चौ. किमी. व लोकसंख्या १०,७२,९४२ होती. म्हणजे दर चौ. किमी.स सु. ७४ माणसे. लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८.७ टक्के होते. गोंड, माडिया, राजगोंड, परधान, कोलाम हे या दोन जिल्ह्यांतील प्रमुख आदिवासी समाज होत. वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी व इंद्रावती या मोठ्या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले यांनी हा प्रदेश कापलेला आहे. जिल्ह्याच्या ठिकाणापासून भामरागड सु. पावणेदोनशे किमी., तर सिरोंचा सु. दोनशे किमी. दूर आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी असलेला संबंध तुटतो, असे अनेक पावसाळ्यांत घडत आले आहे. पावसाळा हाच मलेरियाचा, अतिसाराचा व सर्पदंशाचाही काळ असतो. दवाखान्याची गरज सर्वांत अधिक असते तेव्हाच तो सर्वांत दुर्गम होतो, ही या प्रदेशाची मूळ अडचण होय.

भाषांचे वैविध्य ही दुसरी अडचण. भामरागड व एटापल्ली या भागांत माडिया, कोरची–कुरखेड्याच्या बाजूस छत्तीसगढी, सिरोंचा भागात तेलुगू, चामोर्शी व मुलचेरा तालुक्यांतील निर्वासितांच्या वसाहतींत बंगाली आणि उर्वरित झाडीपट्टीत झाडीबोली असा प्रकार आहे. वैद्यकीय महाविद्यालयातून पुस्तकी मराठी व इंग्रजी घेऊन आलेल्या डॉक्टरला यांतील बहुतेक भाषा परक्या असत. माडिया ही द्राविडी कुळातील गोंडीची बोली असल्याने तिच्यात मराठीच्या आधारे अंदाजही बांधता येत नाही. रुग्णाला कोठे दुखते एवढे खुणेने कळे. पण केव्हापासून दुखते, कशाने वाढते, घरात आणखी कोणाला हा आजार आहे, हे प्रश्न खुणेने विचारता येत नाहीत.

दवाखाना येण्यापूर्वी येथे उपचार नव्हते, असे मुळीच नाही. आजाराची पहिली ओळख घरातच होई. बारीकसारीक दुखण्यांवर झाडपाल्याचे उपाय बहुतेक प्रौढ स्त्री-पुरुषांना माहीत असत. त्याने उतार पडला नाही, तर गावातील पुजाऱ्याकडे जात. आजार कोणत्या देवाच्या वा पूर्वजाच्या रोषामुळे झाला हे पुजारी शोधून काढी व त्यानुसार कोंबडे वगैरे बळी देण्यात येई. प्रसूती घरी किंवा घराबाहेरच्या झोपडीत होई. मदतीस गावची दाई किंवा घरातील वडीलधारी स्त्री असे. मासिक पाळीच्या काळात स्त्रियांनी ज्या झोपडीत राहावयाचे, त्या ‘कुर्माघरा’ची चालही माडिया व गोंड समाजांत होती व काही गावांत ती अद्याप टिकून आहे. या व्यवस्थेचे दोष उघड आहेत. तथापि तिचे काही गुण दवाखान्यात नव्हते, हेही लक्षात घेतले पाहिजे. पुजारी गावातलाच असे, रुग्णाची भाषा बोले, रात्री-अपरात्री उपलब्ध होई, रोख पैसे मागत नसे आणि रुग्णाला त्याच्या माणसांपासून वेगळे करीत नसे.

इंग्रजी अमदानीत दवाखाने प्रामुख्याने चांदा, वरोडा यांसारख्या गावांत व तालुक्याच्या ठिकाणी निघाले. त्यांचा लाभ नगरवासी, सरकारी नोकर आणि आसपासच्या खेड्यांतील शेतकरी यांना झाला. अरण्यातील लोकांचा आधुनिक वैद्यकाशी पहिला संबंध बहुधा दवाखान्यात न येता देवीची लस टोचणाऱ्या फिरत्या कर्मचाऱ्यामार्फत आला, आणि तो फारसा स्नेहाचा नव्हता. सरकारी माणूस गावात आला म्हणजे बेगार, वनखात्याचा दंड किंवा मुलांच्या दंडावर घाव, असे समीकरण झाल्यावर लोक रानात निघून जात. याच्या उलट अनुभव यॉज या रोगाच्या बाबतीत आला. त्वचा व हाडे विकृत करणारा हा सांसर्गिक रोग बस्तर व चांदा यांच्या वनप्रदेशांत आढळे. पेनिसिलीन आल्यावर तो एकाच अंतःक्षेपणाने बरा होऊ लागला. वर्षानुवर्षे चिघळणाऱ्या जखमा थोड्या दिवसांत सुकलेल्या पाहिल्यावर ‘सुई’विषयी जो विश्वास निर्माण झाला, तो पुढे डॉक्टरांनाही आवरता येईना. गोळ्या पुरेशा असतानाही रुग्ण सुईचाच आग्रह धरतो, ही तक्रार या भागातील दवाखान्यांत पुढे नित्याची झाली. गावोगाव फिरणाऱ्या परवाना नसलेल्या व्यवसायिकांनी नेमका हाच आग्रह हेरून आपले बस्तान बसविले. ते दारी येत, उधारीवर उपचार करीत आणि सुई टोचल्याशिवाय परत जात नसत.

स्वातंत्र्योत्तर काळातील व्यवस्थेचा आराखडा भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात आहे. २ ऑक्टोबर १९५२ पासून समूह विकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे सुरू झाली आणि महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर त्यांचे प्रशासन परिषदांकडे आले. पुढे मैदानी भागात ३० हजार लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र व ५ हजारांस एक उपकेंद्र, तर डोंगराळ व आदिवासी भागात अनुक्रमे २० हजार व ३ हजार लोकसंख्येस एकेक, असे मान ठरले. ही सवलत योग्य दिशेने होती; परंतु तिचा पाया लोकसंख्या हाच राहिला. विरळ वस्तीच्या मुलखात २० हजार माणसे शेकडो चौ. किमी. क्षेत्रावर पसरलेली असतात. केंद्र नकाशावर नियमानुसार असले, तरी रुग्णाच्या पायांना ते एका दिवसाच्या वाटेवर पडे.

केंद्रात आलेल्या रुग्णांची नोंदवही वाचता येणाऱ्याला त्यात लोकांच्या जीवनक्रमाचे प्रतिबिंब दिसते. आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दी होते. कारण मीठ-मिरची आणण्यास आलेला माणूस त्याच फेरीत औषधही घेतो. मार्च–एप्रिलमध्ये मोहफुले वेचण्याच्या दिवसांत, मे महिन्यात तेंदूपाने तोडण्याच्या हंगामात आणि जुलै–ऑगस्टमध्ये धानाच्या रोवणीच्या वेळी ती ओसरते. तेंदूपानांचा हंगाम अवघा काही दिवसांचा असतो व वर्षातील रोख रकमेचा मोठा हिस्सा त्यातूनच मिळतो. अशा वेळी अंगात ताप असलेली बाई मजुरी बुडवून दवाखान्यात दिवस घालवील, ही अपेक्षा तिच्या घरचा हिशेब न कळल्याचे लक्षण आहे. उपचार मोफत असले तरी दवाखान्याची फेरी मोफत नसते. रुग्णाची मजुरी, त्याच्याबरोबर येणाऱ्याची मजुरी, येण्याजाण्याचा खर्च, मुक्कामाची सोय आणि मागे राहिलेल्या लेकरांची व गुराढोरांची व्यवस्था, एवढे सर्व जुळले तर तो निघतो. म्हणून आजार कळणे आणि दवाखान्यात येणे यांत आठवडे लोटत. मलेरियाच्या रुग्णांत दुसरी एक सवय दिसे. दोन दिवसांत ताप उतरला की उरलेल्या गोळ्या तो पुढच्या वेळेसाठी जपून ठेवी किंवा घरातील दुसऱ्या आजाऱ्याला देई. काटकसरीची हीच वृत्ती धान्याच्या बाबतीत सद्गुण मानली जाते. ‘दर आठ तासांनी एक गोळी’ ही सूचनाही घड्याळ नसलेल्या घरात निरर्थक ठरे.

दवाखान्याने ज्यांना आपण होऊन दूर ठेवले, असा एक वर्ग कुष्ठरुग्णांचा होता. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन करून वरोड्याजवळ आनंदवन वसविले, ते या वर्गासाठी. तेथे उपचाराबरोबर शेती, बांधकाम व हस्तोद्योग यांची जोड असल्याने रुग्ण हा आश्रित न राहता वसाहतीचा कर्ता झाला. [→ कुष्ठरोग]. वनप्रदेशातील पुढील कामाचे मूळ याच परंपरेत आहे.

२३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ झाला. बाबा आमटे यांचे पुत्र प्रकाश आमटे हे नागपूर येथे शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण सोडून आणि त्यांच्या पत्नी, भूलतज्ञ मंदाकिनी आमटे, या नोकरी सोडून तेथे राहावयास गेल्या. रस्ता नव्हता, वीज नव्हती आणि आरंभी दवाखान्याला इमारतही नव्हती. झाडाखाली उपचार चालत. रुग्णही नव्हते. माडिया लोक अंगभर कपडे घातलेल्या परक्या माणसाला पाहून दूर पळत. त्यांच्या अनुभवात असा माणूस वनखात्याचा, पोलिसांचा किंवा सावकाराचा असे. डॉक्टरांनी माडिया भाषा शिकून घेतली व आपला पोशाखही अर्ध्या विजारीवर आणि बंडीवर आणला. पुढे तीच त्यांची कायमची वेषभूषा झाली. अपस्माराच्या झटक्यात विस्तवात पडून भयंकर भाजलेला एक मुलगा आणि मेंदूच्या मलेरियाने मरणोन्मुख झालेला एक रुग्ण असे दोघे त्यांच्या उपचाराने बरे झाले. त्यानंतर रुग्ण येऊ लागले.

या दोन घटनांचा अर्थ ध्यानात घेण्यासारखा आहे. आरंभीच्या काळात दवाखान्यात येत ते मुख्यतः पुजाऱ्याचे उपाय थकल्यावर येत. म्हणजे सर्वांत कठीण रुग्णच डॉक्टरच्या वाट्याला येत व त्यांतील काही दगावणे अपरिहार्य असे. दवाखान्यात माणसे मरतात, ही लोकांची धारणा त्यामुळे निराधार नव्हती. उशिरा येणे हे तिचे कारण आणि तिचा परिणामही होता. हे चक्र कोठेतरी तुटावे लागते, आणि ते आरोग्यशिक्षणाच्या भित्तिपत्रकांनी न तुटता शेजारच्या गावचा माणूस चालत परत आलेला पाहून तुटते. पुढे पुजारीही आपल्या आजारांसाठी दवाखान्यात येऊ लागले. त्यांना प्रतिस्पर्धी न मानण्याचे धोरण प्रकल्पाने सांभाळले. पूजा करून मग औषध घेण्यास कोणाची हरकत नव्हती.

हेमलकशाचा रुग्ण एकटा येत नाही. आजाऱ्याला बाजेवर घालून, ती बाज काठीला बांधून चार-सहा माणसे रानवाटेने आणीत. ही माणसे दवाखान्याच्या आवारातच चूल मांडून राहत आणि रुग्णाबरोबर परत जात. मलेरिया, क्षय, अतिसार, कुपोषण, सर्पदंश यांबरोबरच अस्वलाने ओरबाडलेले चेहरे शिवण्याचे काम येथे वरचेवर करावे लागले. तज्ञ जवळपास नसल्याने मोतीबिंदूपर्यंतच्या शस्त्रक्रिया तेथेच झाल्या. राज्याची सीमा रुग्णांनी कधी मानली नाही. इंद्रावतीपलीकडील बस्तरमधूनही ते येत राहिले. २००८ मध्ये आमटे दांपत्यास मॅगसायसाय पारितोषिक मिळाले, त्या सुमारास ५० खाटांच्या या रुग्णालयात वर्षाला सु. ४० हजार रुग्णांवर मोफत उपचार होत होते.

अभय बंग व राणी बंग या डॉक्टर दांपत्याने १९८६ मध्ये गडचिरोली येथे ‘सर्च’ या संस्थेचे काम सुरू केले. त्यांच्या कामात उपचाराच्या जोडीला संशोधनाची शिस्त होती. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्यशास्त्राचे शिक्षण घेतले होते. रुग्णालय बांधण्यापूर्वी त्यांनी आदिवासींना विचारले, की तुम्ही सरकारी रुग्णालयात का जात नाही. मिळालेली उत्तरे कोणत्याही आयोगाला सुचली नसती. तेथे सर्व काही पांढरे असते, डॉक्टर व परिचारिका पांढऱ्या कपड्यांत असतात. आमच्याकडे पांढऱ्या कपड्यात प्रेत गुंडाळतात. इमारत एवढी मोठी, की आत शिरले तर वाट सापडत नाही. भाषा कळत नाही. रुग्णाला आत ठेवतात आणि आम्हाला बाहेर काढतात. शिवाय तेथे देव नाही.

चातगावजवळ, गडचिरोलीपासून सु. १७ किमी.वर, ‘शोधग्राम’ वसविताना ही उत्तरे आराखड्यात उतरविण्यात आली. १९९३ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या या रुग्णालयाची रचना गोंड खेड्यासारखी आहे. प्रवेशाची जागा गोटुलाच्या धर्तीवर असून रुग्णांसाठी दालनांऐवजी झोपड्या बांधल्या आहेत. त्यांत रुग्णाचे नातेवाईक त्याच्याजवळ राहतात व स्वयंपाक करतात. रुग्णालयाला आदिवासींची देवता दंतेश्वरी हिचे नाव दिले. आवारात तिचे देऊळ असून तेथे दरवर्षी जत्रा भरते. जत्रेच्या निमित्ताने गावोगावचे प्रतिनिधी जमून आपल्या आरोग्याच्या प्रश्नांचा क्रम स्वतः ठरवितात. यावर, रुग्णालयाने श्रद्धेला अशी जागा द्यावी काय, असा आक्षेप कोणी घेऊ शकेल. परंतु गणपतीची वा ख्रिस्ताची तसबीर असलेली रुग्णालये शहरांत सर्वत्र आहेत व तेथे हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

रुग्णालय कितीही जवळचे वाटले, तरी काही दुखणी त्याच्या दारापर्यंत येतच नाहीत, हे स्त्रियांच्या आजारांच्या अभ्यासात दिसून आले. गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष १९८९ च्या जानेवारीत ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक वा लैंगिक संसर्गाचा एक तरी आजार होता आणि प्रत्येकीमागे अशा आजारांची सरासरी ३.६ होती. मात्र पूर्वी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार गर्भारपण व कुटुंबनियोजन यांपलीकडे फारसा जात नसे. दवाखान्याच्या नोंदवहीत जो आजार नाही तो समाजातही नाही, असे गृहीत धरण्यातील धोका या पाहणीने जगापुढे आणला. स्त्रिया का येत नव्हत्या, याची कारणे गुंतागुंतीची नाहीत. स्त्री डॉक्टर नव्हती, आडोसा नव्हता, आणि अंगावरून जाणे हे बाईच्या जातीला असायचेच, असे आयांनी मुलींना सांगितले होते.

बालकांच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक दारुण होती. न्यूमोनिया झालेल्या मुलाला प्रतिजैविक वेळेवर मिळाले तर ते सहसा वाचते. न मिळाल्यास दोन-चार दिवसांत दगावू शकते. एवढ्या अवधीत आईने आजार ओळखणे, घरच्यांनी निर्णय घेणे व रानवाट तुडवून दवाखाना गाठणे बहुधा घडत नसे. ‘सर्च’ने उपचारच गावात नेला. ५८ गावांत आरोग्यसेवक व दाया यांना न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविले आणि काही गावे तुलनेसाठी ठेवली. दायांना मोठे आकडे मोजता येत नसत. त्यांच्यासाठी एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी असलेले साधन बनविण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा आणि घटिका रिती होण्यापूर्वी तांबडा मणी सरकला, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजावयाचे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गावात उपचार मिळालेल्या रुग्णबालकांपैकी ०.८ टक्के दगावली, तर तुलनेच्या गावांत हे प्रमाण १३.५ टक्के होते. पाच वर्षांखालील मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू दर हजारी १७.५ च्या तुलनेत ८.१ एवढे झाले.

नवजात अर्भकांचा प्रश्न याहून बिकट. १९९५–९६ मध्ये ३९ गावांतील ७६३ नवजात अर्भकांवर पहिले अठ्ठावीस दिवस घरी जाऊन लक्ष ठेवण्यात आले. सु. ९५ टक्के जन्म घरीच झाले होते. वैद्यकीय सेवेची गरज निर्माण झालेल्या अर्भकांचे प्रमाण ५४.४ टक्के भरले, परंतु ती सेवा प्रत्यक्षात मिळालेली अर्भके केवळ २.६ टक्के होती. एकूण ४० मृत्यूंपैकी ३८ मृत्यू अशी गरज असलेल्या अर्भकांतच घडले. बाळंतिणीला व बाळाला ठरावीक दिवस घराबाहेर न काढण्याची प्रथा, जन्मल्या बाळाचे काही खरे नसते ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आणि एवढ्या लहान जिवावर उपचार करू शकेल असा दवाखानाच जवळ नसणे, ही सर्व कारणे त्यामागे होती. यांपैकी शेवटचे कारण सामान्यतः सर्वांत शेवटी सांगितले जाते.

यावर योजलेला उपाय ‘घरोघरी नवजात बालसेवा’ या नावाने ओळखला जातो. गावातीलच थोड्या शिकलेल्या स्त्रीला ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. प्रसूतीच्या वेळी हजर राहणे, बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणे, स्तनपानास मदत करणे आणि जंतुसंसर्ग झाल्यास प्रतिजैविकाचे अंतःक्षेपण देणे ही तिची कामे. बाळाला सुई टोचण्याचा अधिकार डॉक्टर नसलेल्या स्त्रीला द्यावा काय, यावर वैद्यकीय वर्तुळात तीव्र मतभेद झाले. आक्षेप अगदीच निरर्थक होता असे नाही. निष्काळजीपणे दिलेल्या सुईचे दुष्परिणाम याच प्रदेशात परवाना नसलेल्या व्यवसायिकांनी दाखवून दिले होते. मात्र येथे मात्रा, वजन व नोंद यांची काटेकोर व्यवस्था होती, आणि डॉक्टर की आरोग्यदूत हा पर्याय प्रत्यक्षात बहुतेक गावांपुढे नव्हताच. जंतुसंसर्ग झालेल्या अर्भकांत मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले. १९९३–९५ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेले नवजात मृत्यूंचे प्रमाण १९९७–९८ मध्ये २५.५ झाले. तुलनेच्या गावांत असा उतार दिसला नाही. हे निष्कर्ष १९९९ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले. २०११ पासून केंद्र शासनाने ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत नवजात अर्भकांच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर स्वीकारला; मात्र अंतःक्षेपणाचा भाग त्यात सर्वत्र आला नाही. गावातील स्त्रीकडे आरोग्याची जबाबदारी सोपविण्याचा प्रयोग महाराष्ट्रात रजनीकांत व मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेड येथे केलाच होता. गडचिरोलीने त्याला मोजमापाची जोड दिली.

अन्य देशांतील निरीक्षणांशी हा अनुभव ताडून पाहण्यासारखा आहे. वेल्समधील खाणकामगारांच्या वस्तीत दवाखाना चालविणारे ज्यूलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये मांडले, की चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता ही तिच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात आढळते. १९९४ मध्ये थॅडियस व मेन या अमेरिकन संशोधकांनी मातामृत्यूंच्या संदर्भात तीन विलंब सांगितले : निर्णयाचा, पोहोचण्याचा व पोहोचल्यावर उपचार मिळण्याचा. चंद्रपूर–गडचिरोलीत हे तिन्ही एकमेकांत गुंतलेले आढळतात. पोहोचल्यावर डॉक्टर भेटेलच अशी खात्री नसेल, तर निघण्याचा निर्णय लांबतो. डॉक्टरांच्या रिक्त जागा हा या भागाचा जुना रोग आहे. १९८० नंतरच्या नक्षलवादी हालचाली व त्यांविरुद्धच्या कारवाया यांनी त्यात भर घातली. रात्रीच्या वेळी रुग्णाला घेऊन रानातून निघणे म्हणजे दोन्ही बाजूंच्या संशयाला तोंड देणे होय, अशी भीती अनेक गावांत दीर्घकाळ होती.

शासनाने १९९५ पासून नवसंजीवन योजनेखाली आदिवासी भागांत फिरती वैद्यकीय पथके व मातृत्व अनुदान सुरू केले. २००५ नंतर ‘आशा’ आल्या, २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. चंद्रपूर येथे २०१५ मध्ये व गडचिरोली येथे २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मलेरियाच्या निदानासाठी रक्ताचा नमुना केंद्रात पाठवून दिवसचे दिवस वाट पाहावी लागे. जलद तपासणीच्या पट्टीमुळे ते काम गावातच काही मिनिटांत होऊ लागले. दवाखान्यातील प्रसूतींचे प्रमाणही पुष्कळ वाढले. गोदावरीवर पूल झाल्यावर सिरोंच्याकडील रुग्ण तेलंगणातील शहरांकडे अधिक वळू लागले. सरकारी दवाखान्यातून खाजगीकडे व खाजगीतून कर्जाकडे जाणारी वाट मात्र येथेही रुळली आहे. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्यविषयक तज्ञ समितीने २०१८ मध्ये केंद्र शासनाला अहवाल सादर केला. त्यात आदिवासी क्षेत्रासाठी आरोग्यसेवेची रचनाच निराळी असावी, असा आग्रह धरलेला आहे.

नदी-नाल्यांपलीकडच्या गावांतील गर्भवतींसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ ही सोय करण्यात आली. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वी काही दिवस गर्भवतीने नातेवाइकासह तेथे येऊन राहावे, अशी कल्पना आहे. उन्हाळ्यात व हिवाळ्यात तिचा उपयोग बऱ्यापैकी होतो. खरी निकड पावसाळ्यात. पण जुलै–ऑगस्टमध्ये रोवणी चालू असते, घरातील प्रत्येक हात चिखलात हवा असतो, आणि दिवस भरत आलेली बाईसुद्धा आठ-दहा दिवस रिकामी बसण्यास सहजी तयार होत नाही. मग एखाद्या रात्री कळा सुरू होतात, नाला भरलेला असतो, आणि चार माणसे पुन्हा बाज व काठी शोधू लागतात.